उणे अठरा, मुक्काम एटापल्ली

एटापल्लीच्या बाजारात कोंबडी घ्यायला आलेला माणूस आधी ती उचलून बघतो. पंखांखाली हात घालून वजनाचा अंदाज घेतो, छातीचं हाड चाचपतो, तुरा लाल आहे की फिकट पडलाय ते पाहतो, हगवणीने मागची पिसं चिकटली आहेत का तेही निरखतो. दोन मिनिटांच्या या पाहणीत पशुवैद्यकाच्या प्राथमिक तपासणीतलं बरंचसं येऊन जातं. भाव जमला की पाय बांधलेली कोंबडी सायकलच्या हँडलला लटकते आणि गट्ट्याच्या, कसनसूरच्या नाहीतर बुर्गीच्या रस्त्याने जंगलात शिरते. घरी गेल्या गेल्या ती कापली जातेच असं नाही. पाहुणा येईल, पंडुमचा सण असेल, देवाला द्यायची असेल, तेव्हा. तोवर ती अंगणात दाणे टिपते, रात्री डालग्याखाली जाते. जीव आहे तोवर मांस नासत नाही, एवढ्या एका गोष्टीवर या मुलखातली मांसाची सगळी साठवण उभी आहे.

शहरातून आलेल्या माणसाला हे मागासलेपण वाटतं. त्याच्या डोक्यात स्वच्छ पाकीट असतं, त्यावर तारीख असते, ‘उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली साठवा’ अशी सूचना असते. पण गोठवलेल्या मांसाचं विज्ञान नीट समजून घेतलं आणि मग एटापल्लीकडे पाहिलं, तर जिवंत कोंबडी घेणाऱ्या त्या माणसाचा हिशेब फारसा चुकलेला दिसत नाही. पाकिटावरचा आकडा एखाद्या दिवसापुरता पाळून भागत नाही. कारखान्यातून कढईत पडेपर्यंतचा प्रत्येक तास तो पाळावा लागतो, आणि मांसाचा दर्जा त्यातला सगळ्यात वाईट तास ठरवतो.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच्या दक्षिणेकडच्या भागात, आलापल्लीच्या सागवानी जंगलापलीकडे एटापल्ली तालुका आहे. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे, जिथे बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली अशी वाट धरली तर एटापल्लीपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर पडतात. पावसाळ्यात त्यापुढचा रस्ता नद्या-नाल्यांच्या मर्जीवर चालतो. पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी मराठी वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं छापत आली आहेत.

अलीकडे या भागाचं चित्र बदलतं आहे. सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचं खाणकाम वाढलं, त्याबरोबर ट्रक आले, कामगार आले, खानावळी आणि ढाबे आले. गावरान कोंबडी या गर्दीला पुरणारी नाही आणि परवडणारीही नाही. मग पीकअप गाडीतल्या जाळीच्या क्रेटमधून बॉयलर येते. आणि जिथे रोजची मागणी कधी पन्नास किलो, कधी दहा किलो अशी हेलकावते, तिथे उरलेलं मांस ठेवायला डीप फ्रीजर हवासा वाटू लागतो. त्या पांढऱ्या पेटीत मांसाचं नेमकं काय होतं, हे कळणं आता एटापल्लीच्याही गरजेचं झालं आहे.

कोंबडीच्या मांसात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. स्नायूच्या लांबट पेशींमध्ये, प्रथिनांच्या जाळ्यात ते धरून ठेवलेलं असतं. हे पाणी शुद्ध नाही, त्यात क्षार आणि प्रथिनं विरघळलेली आहेत, म्हणून ते शून्याला गोठत नाही. उणे दीड-दोन अंशांच्या आसपास पहिले स्फटिक धरू लागतात आणि उणे पाच अंशांपर्यंत बहुतेक पाण्याचा बर्फ झालेला असतो. उणे दोन ते उणे पाच अंशांमधला हा टप्पा मांस किती वेळात ओलांडतं, त्यावर पुढचं जवळजवळ सगळं अवलंबून आहे.

कारखान्यातल्या ब्लास्ट फ्रीजरमध्ये उणे ३५ ते ४० अंशांची हवा जोरात वाहत असते. तिथे हा टप्पा झटपट सरतो, पेशींच्या आत आणि बाहेर बारीक बारीक असंख्य स्फटिक तयार होतात आणि पेशींची मोडतोड कमी होते. दुकानातल्या पेटीत हवा स्थिर असते, तापमान उणे अठराच्या आसपास. तीत ताज्या मांसाची दहा किलोची पिशवी टाकली तर आतल्या भागाला तो टप्पा ओलांडायला रात्र पुरत नाही. इतक्या सावकाशीत स्फटिक पेशींच्या बाहेर धरतात आणि मोठे होत जातात. बाहेरचं पाणी बर्फात गेलं की उरलेला द्रव खारट होतो, तो पेशीच्या आतलं पाणी ओढून घेतो, पेशी आक्रसते. आत राहिलेल्या दाट, खारट द्रवात प्रथिनांची घडी बिघडते. एकदा बिघडलेली घडी पुन्हा पूर्ववत बसत नाही.

त्याचा परिणाम दिसतो बर्फ सुटताना. परातीत ठेवलेल्या मांसाखाली गुलाबी पाणी साचतं. लोक त्याला रक्त म्हणतात, पण कोंबडी कापली तेव्हाच तिचं बहुतेक रक्त वाहून गेलेलं असतं. हे पेशींनी सोडलेलं पाणी. त्यात मांसाला रंग देणारं मायोग्लोबिन आहे, विद्राव्य प्रथिनं आहेत, ब गटातली काही जीवनसत्त्वं आणि खनिजं आहेत. हे पाणी नाल्यात गेलं की गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशातलं वजनही गेलं आणि शिजवल्यावर जो रसरशीतपणा यायचा तोही गेला. कारखान्यात गोठवण्याआधी कोंबडी थंड पाण्यात बुडवून गार केली असेल, तर तेव्हा शोषलेलं पाणीही यात येतं. कित्येकदा अशा कोंबडीचा घास चावायला किंचित मऊच लागतो, कारण स्फटिकांनी तंतू सैल केलेले असतात. मऊ लागतो, पण कोरडा. छातीच्या मांसात हे जास्त कळतं, कारण तिथे चरबी जवळजवळ नसते.

सावजी पद्धतीच्या झणझणीत रश्श्यात हा कोरडेपणा बराच झाकला जातो, आणि विदर्भातल्या खानावळींत गोठवलेली कोंबडी खपून जाते त्यामागे हेही एक कारण असावं. भाजलेल्या तंगडीत किंवा साध्या मीठ-हळदीच्या पाण्यात तो झाकता येत नाही. एटापल्लीच्या गावांमधला स्वयंपाक या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा, तेल-मसाला बेताचा. त्यामुळे तिथली जीभ या बाबतीत शहरापेक्षा कडक परीक्षक ठरते.

यातली आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही आणि छोट्या दुकानात तीच सगळ्यात जास्त नुकसान करते. कोंबडी कापल्यावर तिचे स्नायू लगेच मरत नाहीत. पेशींमधला ऊर्जेचा साठा संपेपर्यंत त्या आकुंचनाच्या तयारीत असतात, मग ताठरतात, आणि काही तासांनी तो ताठरपणा ओसरू लागतो. छातीचं मांस हाडापासून सोडवण्याआधी कारखान्यात कोंबडी चार-सहा तास थंडाव्यात मुरू देतात ती याचसाठी. दुकानदाराला इतका धीर कुठला? जिवंत कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या घरात, कापून, सोलून, तुकडे करून ते कोमट मांस तसंच पिशवीत भरून फ्रीजरात. ऊर्जा शिल्लक असतानाच स्नायू गोठला, की बर्फ सुटताना ती एकदम मोकळी होते आणि स्नायू जोराने आखडतो. बिनहाडाचा तुकडा तर डोळ्यांदेखत आकसतो आणि भरपूर पाणी सोडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं की कोंबडी म्हातारी होती. कोंबडी ४० दिवसांची, घाई मात्र माणसाची.

त्या कोमट पिशवीने शेजारच्या मालाचंही नुकसान होतं. मांस शून्यापर्यंत गार करायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या दुपटीच्या आसपास उष्णता त्यातल्या पाण्याचा बर्फ करताना काढावी लागते. छोट्या पेटीच्या कॉम्प्रेसरला हा भार पेलत नाही आणि आधीच गोठलेली पाकिटं थोडी थोडी वितळू लागतात.

गोठवण्याचा इतिहास सांगताना नेहमी एका कोंबडीचंच नाव निघतं. इंग्लंडमध्ये १६२६ च्या वसंतात फ्रान्सिस बेकनने लंडनजवळच्या हायगेट इथे मेलेल्या कोंबडीच्या पोटात बर्फ भरून पाहिला, त्यात त्याला थंडी बाधली आणि तो दगावला, असं जॉन ऑब्रीने लिहून ठेवलं आहे. कथेचा तपशील किती खरा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बेकन त्या एप्रिलमध्ये वारला हे नक्की. खरा कलाटणीचा माणूस त्यानंतर तीनशे वर्षांनी आला. अमेरिकेचा क्लॅरन्स बर्ड्‌सआय लॅब्राडॉरच्या थंडीत राहिला होता. तिथले इन्युइट मासे बाहेर काढताच कडाक्याच्या वाऱ्यात क्षणात गोठवत आणि महिन्यांनी खाल्ले तरी ते ताज्यासारखे लागत. मिळणाऱ्या गारव्यापेक्षा तो किती वेगाने मिळतो याला महत्त्व आहे, हे त्याने तिथे ओळखलं. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड शहरात त्याच्या पद्धतीने गोठवलेले पदार्थ किरकोळ दुकानांत विकायला आले. उणे १८ हा आकडाही त्याच जगातला, कारण तो फॅरनहाइट मापाचं शून्य आहे. अमेरिकी सोयीचा तो गोल आकडा पुढे जगाचा दंडक झाला आणि आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही आला.

आता समजा, नागपूरजवळ व्यवस्थित गोठवलेलं एक पाकीट एटापल्लीला निघालं आहे. कारखान्यातून बाहेर पडताना ते उणे १८ च्या खाली आहे, आतले स्फटिक बारीक आहेत. गाडी शीतपेटीची असेल तर गडचिरोलीपर्यंत ठीक. त्यापुढे माल छोटा, म्हणून थर्माकोलचा डबा आणि बर्फाची लादी. बर्फ शून्य अंशाला वितळतो, म्हणजे त्या डब्यातलं पाकीट उणे अठराला राहूच शकत नाही. ते हळूहळू उणे दहा, उणे पाच असं वर सरकतं. दिसायला दगडासारखं घट्टच असतं, हाताला थंडगार लागतं, आणि घेणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. आत मात्र बारीक स्फटिक विरघळून त्यांचं पाणी मोठ्यांवर जाऊन बसू लागलेलं असतं. एटापल्लीच्या फ्रीजरात ते पुन्हा उणे अठराला गेलं तरी वाढलेले स्फटिक वाढलेलेच राहतात. ब्लास्ट फ्रीजरवर झालेला खर्च आलापल्लीच्या घाटरस्त्यात पाण्यात जातो.

आणि मग लाइन जाते. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी देशातल्या सर्वांत तापलेल्या ठिकाणांत मोजली जातात, पारा ४५ च्या पुढे जाणं तिथे नवलाचं नाही. मग वळवाचा पाऊस येतो, वारा सुटतो, दाट जंगलातून गेलेल्या तारांवर फांद्या पडतात. पावसाळ्यात बिघाड शोधायला माणूस पोहोचणंच अवघड होऊन बसतं. भरलेला फ्रीजर झाकण न उघडता ठेवला तर साधारण ४८ तास गोठण टिकवतो, अर्धा भरलेला २४ तास, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा ठोकताळा आहे. तो घरातल्या फ्रीजरचा आणि तिकडच्या हवेचा. पत्र्याखालच्या दुकानात, दर अर्ध्या तासाला गिऱ्हाइकासाठी उघडल्या जाणाऱ्या पेटीला तो लावता येत नाही.

लाइन आल्यावर सगळं पुन्हा गोठतं आणि काही घडलंच नाही असं दिसतं. पण खुणा राहतात. पाकिटाच्या तळाशी लालसर बर्फाची चकती जमलेली असेल, तुकडे एकमेकांना चिकटून एकच ढेप झाली असेल, पिशवीच्या आत भुरा बर्फ साचला असेल, तर ते मांस मध्ये वितळलं होतं. फ्रीजरात एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर रुपयाचं नाणं ठेवावं. वीज जाऊन आल्यावर नाणं बर्फात बुडालेलं दिसलं, तर मधल्या काळात वाटी विरघळली होती आणि शेजारच्या मांसाचं काय झालं असेल तेही कळतं. हा उपाय वादळांनी वीज जाणाऱ्या अमेरिकी किनाऱ्यांवर घरोघर सांगितला जातो. एटापल्लीत त्याचा उपयोग कमी होणार नाही.

तापमान अगदी काटेकोर राखलं तरी मांस फ्रीजरात कायमचं ताजं राहत नाही. जंतूंची वाढ थांबते, रसायनं थांबत नाहीत. कोंबडीच्या चरबीत असंतृप्त मेदाम्लांचं प्रमाण बैल-म्हशीच्या चरबीपेक्षा जास्त, त्यामुळे हवेतल्या प्राणवायूने ती लवकर खवट होते. तंगडीच्या मांसात चरबीही अधिक आणि लोह असलेलं रंगद्रव्यही अधिक, म्हणून खवटपणा आधी तिथे येतो. मिठाने ही क्रिया वेग घेते. मीठ लावून मुरवलेलं चिकन महिनोन्‌महिने गोठवून ठेवणं म्हणूनच चांगलं नाही. हळद, आलं, लवंग यांच्यातले घटक उलट दिशेने काम करतात, खवटपणा लांबवतात. सैल पिशवीतल्या मांसाच्या पृष्ठभागावरचा बर्फ हळूहळू थेट वाफ होऊन उडतो आणि तिथे पांढुरके, कोरडे, चिवट डाग पडतात. ते खाऊन कोणी आजारी पडत नाही, पण ती जागा कितीही शिजवली तरी मऊ होत नाही. अखंड कोंबडी वर्षभर, तुकडे नऊ महिने, कलेजी-पोटा तीन-चार महिने, अशी मुदत अमेरिकी खातं देतं, आणि तीही उणे १८ न हलता राहिलं तरच. खिमा तर तीन-चार महिन्यांतच संपवावा असं ते सांगतं, कारण त्याच्या कणाकणाला हवा लागलेली असते.

शिजवल्यावर हाडाभोवतीचं मांस काळपट-तांबडं दिसलं की बरेच लोक ताट बाजूला सारतात. बॉयलर जेमतेम पाच-सहा आठवड्यांची असते, तिची हाडं पुरती भरलेली नसतात. गोठताना आणि विरघळताना हाडाच्या मगजातलं रंगद्रव्य झिरपून बाहेर येतं आणि शिजवल्यावर काळं पडतं. चवीला आणि तब्येतीला त्याने काही होत नाही. वर्षभर अंगणात फिरलेल्या गावरान कोंबडीची हाडं टणक असल्याने तिच्यात हे क्वचितच दिसतं.

दर्जाची गोष्ट इथवर. सुरक्षिततेची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीला काणाडोळा करता येणार नाही. डिसेंबर २०२४ अखेर नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. माणसांशी झालेल्या संघर्षानंतर चंद्रपूरकडून हलवलेल्या वाघांचा त्यांत समावेश होता, आणि कच्च्या मांसातून लागण झाली असावी अशी शंका तेव्हा व्यक्त झाली. लगोलग जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात मांगली गावी कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. भारतातली पहिली साथही महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात नोंदली गेली होती. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही. २००१ साली चीनमधून दक्षिण कोरियात गेलेल्या गोठवलेल्या बदकाच्या मांसातून जिवंत एच५एन१ मिळाला होता. सत्तर अंशांच्या वर आतपर्यंत नीट शिजवलं की तो टिकत नाही. आपल्या चुलीवरच्या रटरटत्या रश्श्याचं हे मोठं बळ आहे. वाघाला मात्र कच्चंच द्यावं लागतं.

साल्मोनेला या जंतूचंही तसंच. फ्रीजरात तो झोपून राहतो आणि बर्फ सुटला की जागा होतो. कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू थंडीला कच्चा, गोठवल्याने त्याची संख्या बरीच घटते. आइसलंड आणि नॉर्वे यांनी लागण झालेल्या कळपांचं मांस ताजं न विकता गोठवूनच विकायचं असं धोरण घेतलं ते यामुळे. पण घटते म्हणजे नाहीशी होते असं नाही, आणि बाकीच्या जंतूंसाठी हा इलाजही नाही. म्हणून बर्फ सोडवण्याची पद्धत गोठवण्याइतकीच सांभाळावी लागते. बर्फातून उष्णता पाण्यापेक्षा चौपट सहज वाहते. विरघळताना बाहेरून पाण्याचा थर वाढत जातो आणि तोच उष्णतेला अडवतो, त्यामुळे मांस गोठतं त्यापेक्षा सावकाश सुटतं. ओट्यावर सकाळी ठेवलेली कोंबडी दुपारी आत दगड आणि बाहेर कोमट असते, आणि त्या कोमट थरात जंतूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवणं चांगलं. ते जमत नसेल तर पिशवीसकट थंड पाण्यात बुडवावी आणि अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदलावं. अर्धा किलोला तासाभराच्या आत बर्फ सुटतो. सुटलेलं मांस त्याच दिवशी शिजवावं. शिजवलेलं पुन्हा गोठवायला हरकत नाही. कच्चं मात्र पुन्हा गोठवू नये.

मग एटापल्लीत फ्रीजर नकोच का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा पसरली, भाव कोसळले आणि महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या मातीमोल विकल्या, काहींनी फुकट वाटल्या. ज्यांच्यामागे शीतगृह होतं त्यांना थोडं तरी थांबता आलं. साठवण म्हणजे भाव पडल्यावर न विकण्याची मुभा. ती फक्त मोठ्या कंपन्यांकडे असावी आणि जंगलातल्या कोंबडीपालक बाईकडे नसावी, याला काही कारण नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त. त्या संख्येमागे अशाच बायका आहेत.

कोंबडीपालक बाईची पहिली गरज मात्र उणे अठराची नाही, अधिक दोन ते आठ अंशांची आहे. गावरान कोंबड्यांची खुराडी रिकामी करणारा रोग म्हणजे मानमोडी, राणीखेत. त्याची लस आहे, स्वस्त आहे, पण तिला बाटलीपासून कोंबडीच्या डोळ्यातल्या थेंबापर्यंत गारवा लागतो. गरम झालेल्या बाटलीतला थेंब घालून काही उपयोग नाही. एक साथ आली की पाड्यातली निम्मी पिलं जातात, आणि मग गोठवायला उरतं काय? एटापल्लीत कोंबडीसाठी येणारा पहिला गारवा लसीचा असावा.

त्यासाठी लागणारं यंत्र तिथे अनोळखी नाही. आरोग्य केंद्रांत माणसांच्या लसी ठेवायचे आइस-लाइन्ड फ्रीज असतात. त्यांच्या भिंतीत पाणी किंवा बर्फाच्या नळ्या असतात, आणि चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ते आतलं तापमान सांभाळतात. थेट सौरऊर्जेवर चालणारे फ्रीजही लसीसाठी वापरात आहेत. मांसासाठी हेच तत्त्व जरा खालच्या तापमानाला लावावं लागतं. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ते याच कारणाने: मीठ आणि पाण्याचं ठरावीक मिश्रण उणे २१ अंशांना गोठतं आणि पूर्ण वितळेपर्यंत त्याच तापमानाला राहतं. अशा मिश्रणाच्या बंद पाट्या आइस्क्रीमच्या गाड्यांत असतात. रात्री वीज आहे तोवर पाट्या गोठवायच्या, दिवसा लाइन गेली तरी पेटी उणे अठराच्या आसपास धरून राहते. यात नवं शोधायचं काही नाही. आलापल्ली-एटापल्लीच्या उन्हाळ्यात, धुळीत आणि वीज येते-जाते त्या वेळापत्रकात ते किती टिकतं हे मोजायचं आहे. नागपुरात २००० सालापासून महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, पशुवैद्यक महाविद्यालय तर १९५८ पासूनचं. मांसाच्या तंत्रज्ञानाची जाण असलेली माणसं ३०० किलोमीटरवर आहेत.

पेटी बदलायला पैसे लागतील, पण सवयी आजच बदलता येतात. कापलेली कोंबडी आधी बर्फाच्या पाण्यात गार करावी, चार-सहा तास फ्रीजमध्ये मुरू द्यावी, मगच गोठवावी. दहा किलोची ढेप न करता अर्ध्या किलोची चपटी पाकिटं करावीत, हवा काढून, आणि पहिल्या रात्री ती एकमेकांवर न रचता पेटीच्या भिंतीला टेकवून ठेवावीत. जाडी निम्मी केली तर गोठायला लागणारा वेळ निम्म्याहून पुष्कळ कमी होतो. उन्हात तापून, धापा टाकत आलेली बॉयलर लगेच कापू नये. अशा कोंबडीचं मांस फिकट पडतं, पाणी धरत नाही, आणि गोठवल्यावर आणखी सोडतं. तिला सावली, पाणी आणि तासभर विसावा द्यावा. पाकिटावर कापल्याची तारीख लिहावी, आणि आधी भरलेलं आधी विकावं.

आणि एक वही. आरोग्य केंद्रात लसीच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ पाहून तक्त्यावर लिहिलं जातं. काटा हलला की परिचारिका वरिष्ठांना कळवते. चिकनच्या फ्रीजरवर काही शे रुपयांचा थर्मामीटर आणि तशीच वही लटकवता येईल. लाइन किती वाजता गेली, किती वाजता आली, तेव्हा काटा कुठे होता, एवढंच लिहायचं. जून ते सप्टेंबर असे चार महिने एटापल्ली, आलापल्ली आणि भामरागडच्या चार-सहा दुकानांनी ते लिहिलं, तर कोणत्या गावात पाटीचा फ्रीजर पुरेल, कुठे सौर पेटी लागेल आणि कुठे जिवंत कोंबडीच घ्यावी, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. पशुसंवर्धन खात्याच्या तालुका दवाखान्याला हे काम या पावसाळ्यातही हाती घेता येईल.